शून्य पतंग की बंद दिवा? सर्वेक्षण उपकरणांतील वायरजोड आणि रॅचेट क्रिंपिंग पक्कड

प्रकाश सापळ्याच्या नोंदवहीत दोन प्रकारची शून्ये आढळतात. पहिले खरे असते. दिवा रात्रभर जळलेला असतो, परंतु त्या रात्री किडीचे पतंग उडालेलेच नसतात. दुसरे खोटे असते. दिवा सायंकाळी लागला, काही मिनिटांत विझला आणि पहाटेपर्यंत सापळा अंधारात उभा राहिला. सकाळी डबा उघडणाऱ्या व्यक्तीला या दोहोंत काहीही फरक दिसत नाही. त्यात पौर्णिमा जवळ असेल तर शंकाही येत नाही, कारण चांदण्या रात्री सापळ्यात पतंग कमी येतात हे सर्वांना ठाऊक असते. वहीत शून्य लिहिले जाते, ते तक्त्यात चढते आणि त्याच्या आधारे सल्ला निघतो की तूर्त फवारणीची आवश्यकता नाही.

अशा खोट्या शून्यामागे दर वेळी बॅटरी किंवा दिवाच खराब असतो असे नाही. पुष्कळदा दोष तांदळाच्या दाण्याएवढ्या धातूच्या तुकड्यात असतो. वायरच्या टोकाला दाबून बसवलेले टर्मिनल सैल झालेले असते. ते नीट बसवण्यासाठी जे साधन लागते, त्याला रॅचेट क्रिंपिंग पक्कड म्हणतात. इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुरुस्ती करणाऱ्यांच्या दुकानात ती सहज दिसते. कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा शेतकरी गटाच्या अवजारपेटीत मात्र ती क्वचितच असते.

कंदिलापासून सर्किटपर्यंत

भारतात पिकांवरील किडींच्या नोंदीसाठी प्रकाश सापळ्यांचा वापर जुना आहे. पश्चिम बंगालमधील चिन्सुरा येथील भात संशोधन केंद्राच्या नावाने ओळखला जाणारा सापळा आजही भात पट्ट्यात वापरला जातो. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅटने १९७० च्या दशकापासून घाटेअळीच्या पतंगांच्या नोंदी अशाच सापळ्यांतून घेतल्या. अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पाच्या केंद्रांवर पिवळा खोडकिडा, तुडतुडे आणि इतर किडींची प्रकाश सापळ्यातील संख्या नियमितपणे नोंदवली जाते. महाराष्ट्रात २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९ पासून क्रॉपसॅप या नावाने कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू झाला. सर्वेक्षणाच्या आकड्यावर सल्ला देण्याची पद्धत त्यामुळे गावपातळीपर्यंत पोहोचली.

पूर्वीच्या सापळ्यात कंदील किंवा मुख्य वाहिनीवरचा दिवा असे. कंदील विझला तर तो विझलेला दिसे, सकाळी काजळी आणि उरलेले रॉकेल पाहून रात्रीचा अंदाज बांधता येई. आताच्या सापळ्यात सौर पट्टी, १२ व्होल्टची बॅटरी, प्रभार नियंत्रक आणि एलईडी दिवा असतो. तो संध्याकाळी आपोआप लागतो आणि सकाळी आपोआप बंद होतो. ही सोय मोठी असली, तरी रात्री काय घडले याची कोणतीही खूण ती मागे ठेवत नाही. हवामान केंद्र, पानांचा ओलावा मोजणारा संवेदक, जमिनीतील ओलाव्याचा संवेदक, कॅमेरा बसवलेला कामगंध सापळा या सर्वांची स्थिती हीच आहे. या प्रत्येक उपकरणात दहा-पंधरा बारीक वायरी असतात आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकेक जोड असतो.

बिघडलेला जोड काय सांगतो

पूर्ण तुटलेला जोड परवडतो, कारण उपकरण बंद पडते आणि कोणीतरी दुरुस्तीला जाते. अर्धवट जोड अधिक घातक ठरतो. तो उपकरण चालू ठेवतो आणि विश्वास बसेल असा चुकीचा आकडा देत राहतो.

सौर सापळ्याचे उदाहरण घेऊ. १० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे ०.८ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. बॅटरी आणि नियंत्रक यांच्यामधील जोडाचा विरोध केवळ १ ओहम झाला तरी त्या जोडावर ०.८ व्होल्ट खर्च होतात. बॅटरीत प्रत्यक्ष ११.८ व्होल्ट असताना नियंत्रकाला ११ व्होल्टच दिसतात. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अति रिकामी होऊ नये म्हणून नियंत्रक साधारण याच सुमारास दिवा बंद करतो. म्हणजे बॅटरीत वीज शिल्लक असताना दिवा विझतो. दुसऱ्या दिवशी तपासणी करणारा मल्टिमीटर थेट बॅटरीला लावतो. त्या वेळी दिवा बंद असल्याने जोडातून प्रवाहच वाहत नसतो, म्हणून काटा उत्तम व्होल्टेज दाखवतो. बॅटरी ठीक, दिवाही हाताने लावला की लागतो. सापळा ‘निर्दोष’ ठरतो आणि त्या रात्री पुन्हा लवकर विझतो.

कोणत्या किडीची नोंद यात बुडते, हे तिच्या उडण्याच्या वेळेवर अवलंबून आहे. हुमणीचे भुंगेरे पावसाच्या पहिल्या सरींनंतर तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात. रात्री नऊला विझणाऱ्या सापळ्यातही ते सापडतील. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे नर पतंग मात्र मध्यरात्रीनंतर अधिक सक्रिय असतात. त्यांच्यासाठी लावलेल्या कॅमेरायुक्त कामगंध सापळ्याची वीज मध्यरात्री गेली, तर नेमका कामाचा काळ हुकतो. या किडीसाठी सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. समजा, एका सापळ्यात ९, ११, ०, १० अशा नोंदी आल्या. तिसऱ्या रात्रीचे शून्य जर सैल जोडाचे असेल, तर पातळी प्रत्यक्षात ओलांडली गेली असूनही कागदावर ती ओलांडली जात नाही. ‘सलग’ हा शब्दच निकालात निघतो. बोंडाच्या आत शिरलेल्या अळीवर नंतर कोणतीही फवारणी फारशी उपयोगी पडत नाही, त्यामुळे हातातून गेलेले दोन-चार दिवस परत मिळत नाहीत.

नाशिक भागातील द्राक्षबागांत पान किती तास ओले राहिले, यावरून केवडा रोगाचा धोका ठरवला जातो. जाळीदार पट्ट्यांच्या संवेदकात पाणी पडले की विरोध कमी होतो आणि उपकरण ‘ओले’ अशी नोंद करते. जोड गंजला की विरोध वाढतो, म्हणून भिजलेले पानही ‘कोरडे’ नोंदले जाते. पर्जन्यमापकात बादली कलंडली की एक कळ क्षणभर मिटते आणि पाऊस मोजला जातो. जोड सुटला की कळ कधीच मिटत नाही, त्यामुळे मुसळधार पावसातही आकडा शून्य राहतो. या सर्व चुका ‘धोका नाही’ या बाजूला झुकणाऱ्या आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जमिनीच्या ओलाव्याचा विरोधावर चालणारा संवेदक तेवढा उलट बोलतो. जोड खराब झाला की तो जमीन कोरडी असल्याचे दाखवतो आणि नको असलेले पाणी दिले जाते.

तापमानाच्या संवेदकाची गोष्ट थोडी निराळी आहे. १० किलो-ओहमच्या थर्मिस्टरला जोडातील चार-पाच ओहमने काहीच फरक पडत नाही. विरोध ४०० ते ४५० ओहमने वाढला, तर तापमान सुमारे १ अंश सेल्सिअसने कमी दिसू लागते. एका दिवसासाठी ही चूक क्षुल्लक वाटते. परंतु किडीची पुढील पिढी केव्हा येईल हे उष्णता-दिवसांच्या बेरजेवरून ठरवताना ती रोज साचत जाते, आणि भाकीत प्रत्यक्ष पिढीच्या मागे पडते.

पीळ, डाख आणि दाब

शेतावर वायर जोडण्याची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे दोन टोके पिळून त्यावर काळी टेप गुंडाळणे. पहिल्या दिवशी हा जोड चांगला चालतो. पुढे तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, टेपचा चिकटपणा उन्हाने वितळतो, आत दव शिरते आणि ताम्रयुक्त बुरशीनाशक किंवा गंधक यांची फवारणी जवळच होत असल्याने गंज लवकर धरतो. हिरवट पूड दिसू लागेपर्यंत जोडाने बराच काळ चुकीची नोंद दिलेली असते.

डाख देणे, म्हणजेच सोल्डर करणे, हा त्याहून चांगला मार्ग आहे आणि सर्किटच्या पाटीवर तोच योग्य. मोकळ्या लोंबणाऱ्या वायरीसाठी मात्र त्यात एक उणीव आहे. वितळलेले सोल्डर केशाकर्षणाने तंतूंच्या आत चढते आणि तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो. वाऱ्याने वायर हलत राहते, आणि ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो नेमक्या त्याच जागी ती तुटते. शिवाय बांधावर तापलेली डाखणी घेऊन बसणे सोपे नसते.

क्रिंपिंगमध्ये उष्णता नाही. टर्मिनलच्या मागील बाजूस पत्र्याच्या दोन जोड्या पाकळ्या असतात. पुढची लहान जोडी उघड्या तांब्याला कवटाळते, मागची मोठी जोडी वायरच्या आवरणाला धरते. पकडीच्या जबड्यातील साच्यात दाब पडला की पुढच्या पाकळ्या वरून वळून खाली तंतूंच्या मध्ये घुसतात. आडवा छेद घेतल्यास इंग्रजी ‘बी’ अक्षरासारखा आकार दिसतो. दाब पुरेसा असेल तर तंतू गोल राहत नाहीत. ते एकमेकांवर चेपून षट्कोनी होतात, त्यांच्यावरील ऑक्साइडचा थर फुटतो आणि तांबे व पत्रा यांच्यात हवा शिरण्याइतकीही फट उरत नाही. जेथे हवा नाही तेथे गंजही नाही. मागच्या पाकळ्या विजेसाठी नसतात. वायर ओढली किंवा हलली तर तो ताण तांब्यावर न येता आवरणावर यावा, एवढेच त्यांचे काम असते.

हे सर्व ‘पुरेशा’ दाबावर अवलंबून आहे, आणि अडचण तेथेच आहे. साध्या पकडीने पाकळ्या चेपल्या तर त्या चपट्या होतात, वळून आत घुसत नाहीत. क्रिंपिंगची साधी, रॅचेट नसलेली पक्कड असेल तर दाब हाताच्या जोरावर ठरतो. पहिल्या जोडाला एक, विसाव्या जोडाला दुसरा. दिवसअखेरी थकलेल्या हाताचा तिसरा.

रॅचेट हा प्रश्न सोडवतो. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असते तशीच ही रचना आहे. मुठींच्या मध्ये दात्यांचा पट्टा आणि त्यात अडकणारा एक खटका असतो. मूठ दाबू लागले की खटका एकेक दाता पुढे सरकतो आणि मागे येऊ देत नाही. ठरलेला पूर्ण दाब पडल्यावरच तो सुटतो आणि जबडा उघडतो. त्यामुळे अर्धवट दाबलेले टर्मिनल पकडीतून सहजासहजी बाहेरच येत नाही. दाबणारा अनुभवी असो वा नवखा, साचा तितकाच मिटतो.

वायर, टर्मिनल आणि साचा

पक्कड कितीही चांगली असली तरी वायर आणि टर्मिनल यांचा मेळ बसला नाही तर जोड कच्चाच राहतो. शेतीच्या उपकरणांत वारंवार आढळणारे जोड थोडेच आहेत. जपानच्या जेएसटी कंपनीच्या एक्सएच मालिकेत दोन पिनांमधील अंतर २.५ मि.मी. असते, पीएच मालिकेत २ मि.मी., तर व्हीएच मालिकेत ३.९६ मि.मी. ड्यूपाँट या नावाने विकल्या जाणाऱ्या काळ्या जोडांत ते २.५४ मि.मी. असते. एक्सएच आणि ड्यूपाँट यांतील फरक डोळ्यांना जाणवत नाही, परंतु त्यांची टर्मिनले एकमेकांच्या घरात बसत नाहीत. बाजारात जेएसटीच्या नावाखाली नकलाही भरपूर विकल्या जातात. त्यांचा पत्रा पातळ निघाला तर पाकळ्या दाबताना चिरतात, म्हणून मोठी खरेदी करण्यापूर्वी पाच-दहा नग दाबून पाहावेत.

एक्सएचचे टर्मिनल सुमारे ०.०८ ते ०.३३ चौ.मि.मी. छेदाच्या वायरीसाठी आहे आणि त्याची क्षमता ३ अँपिअर आहे. पीएचमध्ये ०.२ चौ.मि.मी.पेक्षा जाड वायर घालू नये. दुकानदार वायरीला चौ.मि.मी.ने न ओळखता ‘सात छत्तीस’, ‘चौदा अडतीस’ अशा नावांनी ओळखतात. पहिला आकडा तंतूंची संख्या आणि दुसरा प्रत्येक तंतूचा गेज सांगतो. ७/३६ वायर सुमारे ०.२ चौ.मि.मी. भरते, १४/३८ सुमारे ०.२५, तर २३/३६ जवळजवळ ०.६७. म्हणजे ७/३६ पीएच आणि एक्सएच दोन्हींत चालेल, १४/३८ फक्त एक्सएचमध्ये, आणि २३/३६ साठी व्हीएचसारखे मोठे टर्मिनल हवे. घरात पडलेली जाड वायर घेऊन, तिचे निम्मे तंतू कापून, ती एक्सएचमध्ये कोंबण्याचा प्रकार सर्रास दिसतो. तो टाळावा. आवरणाचा बाहेरचा व्यासही पाहावा. एक्सएचच्या मागील पाकळ्यांत साधारण १.९ मि.मी.पेक्षा जाड आवरण मावत नाही.

पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपाची मोटर याहून बराच अधिक प्रवाह घेते. तिथे ही नाजूक टर्मिनले नकोत. पंपाच्या वायरींना चपट्या पात्याचे मोठे लग असतात आणि त्यांच्यासाठी पकडीचा साचाही निराळा लागतो. साचे बदलता येणारी पक्कड थोडी महाग पडते, परंतु सापळे आणि पंप दोन्ही सांभाळणाऱ्या गटाला ती सोयीची ठरेल.

स्वस्त वायरींत तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम बरेच खपते. चाकूने तंतू खरवडल्यास आतून पांढरा धातू दिसतो. अशी वायर दाबल्यावर लवकर सैल पडते आणि ओलाव्यात झपाट्याने खराब होते. बांधावरच्या उपकरणांत तिला स्थान नाही.

प्रत्यक्ष कृती

वायरचे आवरण २ ते ३ मि.मी. सोलावे. त्यासाठी मापाच्या खाचा असलेला स्ट्रिपर वापरावा. ७ तंतूंच्या वायरीतील २ तंतू सोलताना कापले गेले, तर वाहक छेदाचा जवळजवळ ३० टक्के भाग गेला. असे टोक कापून टाकून पुन्हा सोलावे. दातांनी वायर सोलण्याची सवय शेतावर सर्वत्र दिसते. ज्या हातांनी आणि ज्या वायरींवर कीटकनाशकाचे तुषार उडालेले असतात, तीच वायर तोंडात धरण्याचा हा प्रकार आहे. जोडाचा विचार बाजूला ठेवला तरी ही सवय सोडलेली बरी.

सोललेल्या तंतूंना हलका पीळ चालेल, घट्ट पीळ नको. त्यांवर सोल्डरही चढवू नये. सोल्डर दाबाखाली काळानुसार सरकते आणि जोड आपोआप सैल होतो. दाबल्यानंतर वरून सोल्डर टाकण्याची हौसही तितकीच निरुपयोगी आहे.

टर्मिनल पट्टीतून तोडताना मागे लांब शेपूट राहू देऊ नये, अन्यथा ते घरात शिरत नाही. जबड्याच्या एका बाजूला साधी अर्धगोल खाच असते आणि समोरच्या बाजूला मधोमध टोक असलेली दुहेरी कमान. टर्मिनलची पाठ अर्धगोल खाचेत बसवावी आणि पाकळ्यांची उघडी तोंडे दुहेरी कमानीकडे ठेवावीत. हे उलटे झाले तर पाकळ्या वळण्याऐवजी बाहेर फाकतात. टर्मिनलचा पुढचा, पिनेला धरणारा भाग जबड्याच्या बाहेर राहिला पाहिजे. तो चेपला गेला की पुढे पीन जात नाही.

आता मूठ हलके दाबून रॅचेटचे एक-दोन दाते पुढे न्यावेत. टर्मिनल जबड्यात अडकून राहते आणि दोन्ही हात मोकळे होतात. रॅचेटचा हा फायदा प्रत्यक्ष वापरल्याशिवाय कळत नाही. साध्या पकडीने इतके लहान टर्मिनल धरून त्यात वायर घालायला तिसरा हात लागतो. मग वायर आत सरकवावी. उघडे तांबे पुढच्या पाकळ्यांत आणि आवरणाची कडा दोन्ही पाकळ्यांच्या मधल्या जागेत आली पाहिजे. त्यानंतर खटका सुटेपर्यंत एकाच दमात दाबावे.

वायर तिरपी गेली असे मध्येच लक्षात आले, तर मुठींच्या मध्ये असलेली लहान सुटकेची कळ दाबून जबडा उघडावा. ते टर्मिनल मात्र फेकून द्यावे. एकदा वाकलेल्या पाकळ्या सरळ करून पुन्हा दाबल्या की त्यांना अदृश्य चिरा पडतात. टर्मिनल एका चहाच्या कपाहूनही कितीतरी स्वस्त असते, त्यात काटकसर करण्यासारखे काही नाही.

बहुतेक पकडींवर दाब कमी-जास्त करण्याचे एक दातेरी चाक असते. नवी पक्कड आली की कामाच्या वायरीवर आणि टर्मिनलवर आठ-दहा जोड करून पाहावेत. जोड ओढल्यावर वायर सरकून बाहेर येत असेल तर दाब कमी आहे. टर्मिनलच्या मागच्या कडेशी तंतू कापल्यासारखे तुटत असतील तर दाब जास्त आहे. चाकाचा स्क्रू सोडवून ते एका वेळी एकच दाता फिरवावे आणि पुन्हा चाचणी घ्यावी. एकदा जमल्यावर त्या चाकाला हात लावू नये, आणि इतरांनाही लावू देऊ नये.

भिंग, वजन आणि मल्टिमीटर

जोड पारखण्यासाठी वेगळे साधन घ्यावे लागत नाही. फुलकिडे आणि कोळी मोजण्यासाठी विस्तार कार्यकर्त्यांच्या खिशात १० पट मोठे दाखवणारे भिंग असतेच. त्याखाली जोड धरला की पुढच्या पाकळ्यांच्या बाहेर तांब्याची टोके अगदी थोडी, ब्रशच्या केसांसारखी डोकावताना दिसली पाहिजेत. एकही तंतू पाकळीच्या बाहेर सुटलेला नसावा. मधल्या जागेत तांबे आणि आवरण दोन्ही दिसावेत. आवरण पुढच्या पाकळ्यांखाली गेले असेल तर तो जोड कधी लागतो, कधी लागत नाही, आणि असा दोष शोधायला सर्वांत कठीण असतो. पाकळ्यांची टोके आत वळलेली असावीत. त्यांच्या मागच्या कडेला किंचित फुललेले, घंटेच्या ओठासारखे तोंड राहिले पाहिजे. तेथे धारदार कडा असेल तर तंतू तिथेच कापले जातात.

दुसरी परीक्षा वजनाची. ०.२ चौ.मि.मी. वायरीच्या जोडाने सुमारे २.२ किलोचा ताण, तर ०.३३ चौ.मि.मी.च्या जोडाने सुमारे ३.६ किलोचा ताण सहन करावा, अशी यूएल या प्रमाणन संस्थेच्या मानकातील अपेक्षा आहे. किराणा दुकानातील २ किलोचे माप वायरीला बांधून टर्मिनल पक्कडीत हलके धरून मिनिटभर लोंबते ठेवले, तरी व्यवहारात पुरेसे कळते. ही चाचणी नमुन्याच्या जोडांवर घ्यावी, उपकरणात बसवायच्या जोडांवर घेऊ नये. त्यांना बोटांनी एक ठाम हिसका पुरे.

तिसरी परीक्षा उपकरण चालू असताना होते, आणि जुने सापळे तपासताना तीच निर्णायक आहे. दिवा पेटलेला ठेवून मल्टिमीटरचे एक टोक जोडाच्या अलीकडे आणि दुसरे पलीकडे लावावे. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्टच दिसतील. आकडा शंभर मिलिव्होल्टच्या वर गेला तर तो जोड कापून नव्याने करावा. जोडाचे पांढरे प्लास्टिक पिवळट किंवा तपकिरी झालेले आढळले तर मल्टिमीटरचीही वाट पाहू नये.

दाबलेले टर्मिनल प्लास्टिकच्या घरात सरकवताना ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. टर्मिनलच्या पाठीवरची जीभ घराच्या खिडकीत अडकल्याची ती खूण असते. आवाज आला नाही आणि टर्मिनल तसेच राहिले, तर दुसरी बाजू जोडताना ते मागे सरकते. वरून जोड पूर्ण बसलेला दिसतो, आत मात्र धातूला धातू टेकलेला नसतो.

पाणी, मुंग्या आणि कुंभारीण

उत्तम क्रिंप केलेला जोडही जलरोधक नसतो. एक्सएच किंवा ड्यूपाँटचे घर उघडेच असते. म्हणून असे जोड नेहमी पेटीच्या आत ठेवावेत. पेटीत येणारी वायर खालून आत घ्यावी आणि प्रवेशापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळापाशी गळून पडते. कोकणात किंवा किनारपट्टीच्या इतर भागांत खारी हवा लक्षात घेऊन जोडावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा.

पेटीला राहिलेले प्रत्येक छिद्र कीटकांसाठी आमंत्रण असते. किडी मोजण्यासाठी लावलेल्या उपकरणाच्या पेटीत मुंग्यांनी अंड्यांसह बिऱ्हाड करावे, यात गंमत असली तरी मुंग्यांनी आणलेली माती ओल धरून ठेवते आणि जोड गंजवते. कुंभारीण माशी तर वायरीसाठी ठेवलेले मोकळे छिद्र हमखास मातीने लिंपून घेते. वायर जिथे आत शिरते तिथे रबरी ग्लँड बसवावी आणि वापरात नसलेली छिद्रे बंद करावीत. पेटीत कीटकनाशकाची फवारणी करू नये. त्याचा अंश पंख्याने किंवा हाताने सापळ्यापर्यंत पोहोचला तर नोंदच दूषित होते.

नोंदवहीतील रेघ

एका गावाच्या दहा-बारा सापळ्यांसाठी एक रॅचेट पक्कड, एक स्ट्रिपर, दोन-तीन प्रकारची टर्मिनले आणि घरे एवढे साहित्य पुरते. ते कोणा एकाच्या जबाबदारीवर ठेवावे. शेतकरी गटात मोटर रिवाइंडिंग किंवा मोबाइल दुरुस्ती जाणणारा तरुण बहुधा असतोच. कृषी विज्ञान केंद्राच्या प्रशिक्षणात कीड ओळखण्याच्या सत्रानंतर अर्धा दिवस या कामाला दिला, तर वीसेक जण प्रत्येकी पंचवीस-तीस जोड करून हात बसवू शकतात. तेवढ्या सरावाआधी प्रत्यक्ष उपकरणाला हात लावू न देणे शहाणपणाचे.

जोड सुधारले तरी दिवा कधी ना कधी विझणारच. तेव्हा नोंदवहीत शून्य लिहू नये. ज्या रात्री दिवा बंद होता किंवा किती वेळ चालू होता हे माहीत नाही, त्या रात्रीच्या रकान्यात आडवी रेघ मारून शेजारी ‘दिवा बंद’ असे लिहावे. सरासरी काढताना रेघेची रात्र गणतीतून वगळावी, आणि सलग रात्रींचा निकष लावताना ती रात्र पातळीच्या खाली होती असे गृहीत धरू नये. दिवा किती तास जळला हे कळण्यासाठी दिव्याला समांतर एक साधा तास-मापक जोडता येतो. त्याच्या दोन वायरींनाही हेच टर्मिनल लागते.

तपासणीसाठी मे महिन्याचा उत्तरार्ध योग्य. हुमणीचे भुंगेरे निघण्याआधी आणि खरिपाचे सापळे उभे राहण्याआधी प्रत्येक पेटी उघडून दिवा लावावा, प्रत्येक जोडावर मल्टिमीटर धरावा आणि संशयित जोड बदलावेत. काम झाल्यावर पकडीच्या रॅचेटला यंत्रतेलाचा एक थेंब द्यावा, साच्यावर मात्र तेल राहू देऊ नये, आणि पक्कड कोरड्या पिशवीत बंद करून ठेवावी. खताच्या गोण्यांजवळ ती ठेवू नये. युरियाच्या सान्निध्यात दमट हवेत पोलादाला गंज चढतो, आणि गंजलेले रॅचेट आपला पूर्ण दाब येण्याआधीच अडकून बसते.